लेसर आणि विद्युत् प्रवाह : सूक्ष्म यंत्रणाची संयुक्त पद्धत

जेट इंजिनातील टर्बाइनच्या पात्यांवर आदळणाऱ्या वायूंचे तापमान पात्यांच्या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही अधिक असू शकते. तरीही पाती वितळत नाहीत. ती आतून पोकळ असतात व त्यांच्या पृष्ठभागावर असंख्य बारीक छिद्रे असतात. त्यांतून बाहेर पडणारी तुलनेने थंड हवा पात्याभोवती संरक्षक आवरण निर्माण करते. यांपैकी बहुतेक छिद्रांचा व्यास एक मिलिमीटरहून कमी असतो. इंजिनाचे आयुष्य आणि पर्यायाने प्रवाशांची सुरक्षितता या छिद्रांच्या निर्दोषपणावर अवलंबून असते. तप्त अवस्थेतही कणखर राहणारी निकेलची मिश्रधातू साध्या गिरमिटाला दाद देत नाही. म्हणूनच अशा कामांसाठी दोन भिन्न पद्धतींची सांगड घालण्याचे प्रयत्न झाले आहेत.

लेसर : वेगवान, पण दाहक

अमेरिकन शास्त्रज्ञ थिओडोर मेमन यांनी १९६० साली पहिला लेसर कार्यान्वित केला. एका बिंदूवर एकवटलेले लेसर किरण धातू क्षणार्धात वितळवितात व त्याची वाफ करतात. तथापि वितळलेला सर्व धातू छिद्राबाहेर फेकला जात नाही. काही भाग छिद्राच्या भिंतीवरच पुन्हा गोठतो. हा थर केसाच्या जाडीहूनही पातळ असतो. परंतु त्यात सूक्ष्म तडे असू शकतात. पाते वारंवार तापते व निवते, तेव्हा असे तडे वाढत जाण्याचा धोका असतो.

विद्युत् रासायनिक यंत्रण : सौम्य, पण संथ

या पद्धतीचे मूळ मायकेल फॅरडे यांनी १८३४ साली मांडलेल्या विद्युत् अपघटनाच्या नियमांत आहे. मुलामा चढविण्याच्या क्रियेत धातूचा थर चढतो. येथे त्याच्या उलट घडते. घडवावयाची वस्तू धनाग्राला व हत्यार ऋणाग्राला जोडून मधून क्षारयुक्त पाणी वेगाने सोडले जाते. प्रवाह सुरू होताच वस्तूचा धातू विरघळू लागतो. एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिल्यास सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १.१ ग्रॅम निकेल विरघळते. हत्यार वस्तूला स्पर्श करीत नाही. त्यामुळे ताण, तडे व वितळलेला थर यांपैकी काहीच उरत नाही. मात्र हे काम संथ असते, प्रवाह आजूबाजूला पसरून कडा बोथट होतात, आणि वीज न वाहून नेणाऱ्या पदार्थांपुढे ही पद्धत निरुपयोगी ठरते.

दोहोंचा मेळ

एकीचा दोष दुसरीने भरून काढावा, हे संयुक्त पद्धतीचे सूत्र होय. पहिल्या प्रकारात लेसरने छिद्र पाडून घेतात व नंतर विद्युत् रासायनिक क्रियेने भिंतीवरील सदोष थर काढून टाकतात. दुसऱ्या प्रकारात क्षारजलाची बारीक धार व लेसर किरण एकाच वेळी एकाच बिंदूवर सोडतात. यात लेसरची शक्ती मर्यादित ठेवल्यास धातू वितळत नाही, केवळ तापतो. धातूवरील ऑक्साइडचा पापुद्रा तेवढ्याच जागी निघतो व विरघळण्याची क्रिया तेथे वेग घेते. याउलट प्रखर लेसरने धातू वितळवून त्याच वेळी क्षारजलाच्या धारेने गोठलेला थर दूर करता येतो.

लेसरमुळे विद्युत् रासायनिक क्रियेला स्थानिक वेग मिळतो, हे अमेरिकेत आय. बी. एम. कंपनीच्या संशोधकांनी १९७९ साली धातुविलेपनाच्या संदर्भात दाखविले होते. पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात स्कॉटलंडमधील व चीनमधील नानजिंग येथील संशोधकांनी लेसर व क्षारजलाची धार यांच्या संयोगाचे प्रयोग केले.

अडचणी आणि दक्षता

ही पद्धत दिसते तितकी सुलभ नाही. प्रकाश क्षारजलातून जाताना काही अंशी शोषला जातो. त्यामुळे पाण्यात कमी शोषला जाणारा हिरवा लेसर सोयीचा ठरतो. क्रियेत निर्माण होणारे हायड्रोजनचे बुडबुडे किरणांना विखुरतात. याहून महत्त्वाचा प्रश्न सांडपाण्याचा आहे. विरघळलेला धातू गाळाच्या रूपाने उरतो. मिश्रधातूत क्रोमियम असल्यास त्याची विषारी संयुगे द्रवात उतरू शकतात. योग्य प्रक्रिया न करता असे पाणी नाल्यात वा जमिनीवर सोडणे घातक आहे. हा धोका कारखान्याच्या कुंपणापाशी थांबत नाही, गावाच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकतो.

विद्युत् अपघटनाचा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत नेहमी केला जातो. तोच नियम प्रखर प्रकाशाच्या जोडीने विमानाच्या इंजिनापर्यंत पोहोचू शकतो, हे विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे. यंत्राच्या भागाची गुणवत्ता केवळ त्याच्या मापावर ठरत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या पृष्ठभागावरही ती तितकीच अवलंबून असते.