सोयाबीनच्या राशीचे जुळे भावंड

दिवाळीच्या सुमारास औंढा नागनाथच्या शिवारात गेलात, तर मळणीयंत्रातून सोयाबीनची धार पडताना दिसेल. रास वाढत जाते. पण ठराविक उतार आला की वरचे दाणे घरंगळून खाली येतात. हा उतार कोण ठरवतो?

सोयाबीन, वाळू, साखर, खत हे सारे कणमय पदार्थ. ते कधी पाण्यासारखे वाहतात, तर कधी दगडासारखे घट्ट बसतात. पाण्याच्या टाकीत जसजसे खोल जावे तसतसा दाब वाढतो. धान्याच्या उंच कोठीत मात्र काही खोलीनंतर दाब फारसा वाढत नाही, कारण घर्षणामुळे बराचसा भार भिंती पेलतात. जर्मन अभियंता यान्सेन याने १८९५ साली हे दाखवून दिले. हा भार लक्षात न घेता बांधलेली कोठी वाकू शकते. तिचे खालचे दार उघडे असताना धान्यावर उभा असलेला माणूस काही क्षणांत आत ओढला जाऊन गुदमरू शकतो. असे धोके खऱ्या कोठीत आजमावून कसे पाहणार?

म्हणून संगणकात धान्याची प्रतिकृती तयार करतात. खऱ्या धान्याच्या मोजमापांशी वरचेवर ताडून पाहिलेली अशी प्रतिकृती म्हणजे 'डिजिटल ट्विन', म्हणजेच संगणकातील जुळे भावंड. पीटर कंडल आणि ओटो स्ट्रॅक यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेली पद्धत तिच्या मुळाशी आहे. प्रत्येक दाणा म्हणजे एक गोळी समजा. दोन गोळ्या टेकल्या की त्यांच्यामध्ये एक ताठ स्प्रिंग आहे असे माना आणि घर्षणही धरा. त्यावरून बल काढा. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने त्वरण काढा. गोळी किंचित सरकवा. पुन्हा हेच करा.

गणित तुमच्या पुस्तकातलेच, पण पसारा पाहा! शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम धरले, तर एका क्विंटलात सुमारे ८ लाख ३३ हजार दाणे होतात. सेकंदाचे एक लाख भाग पाडले, तर एका सेकंदाच्या हालचालीसाठी हे काम ८,३३० कोटी वेळा करावे लागेल! 'लॅम्प्स'सारख्या मोफत मिळणाऱ्या आज्ञावली हे काम करतात.

पण घर्षण किती धरायचे? हे संगणक सांगत नाही, रासच सांगते. एक प्रयोग करून पाहा. ताटात सोयाबीन सावकाश ओतून ढीग करा. ढिगाची उंची ५ सेंमी आणि तळाची त्रिज्या १० सेंमी भरली, तर उंचीला त्रिज्येने भागून ०.५ येते, म्हणजे उताराचा कोन सुमारे २७ अंश. संगणकातला ढीग याहून उभा झाला, तर घर्षण कमी करायचे.

कोन जुळला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. दाण्याचा आकार आणि घर्षण यांच्या वेगवेगळ्या जोड्यांतूनही तोच कोन येऊ शकतो. म्हणून दुसरी कसोटी हवी. रुंद तोंडाच्या नरसाळ्यातून एक किलो दाणे किती सेकंदांत पडतात, ते मोजा. (तोंड अरुंद असेल तर दाण्यांची कमान होऊन धार अडेल.) त्यानंतर तीच वेळ संगणकात येते का, ते पाहायचे.

दोन्ही कसोट्यांना उतरले, तरच जुळ्यावर भरवसा ठेवता येईल. नाही तर पडद्यावर सुंदर दिसणारा तो तोतयाच, आणि त्याच्या भरवशावर कोठी बांधणे म्हणजे कुणाचा तरी जीव धोक्यात घालणे होय.