मार्कडाउनचे प्रमाणीकरण आणि मराठी प्रत्यय

साध्या मजकुरात मोजकी चिन्हे टाकून मथळे, याद्या, ठळक अक्षरे मिळवण्याची मार्कडाउन ही पद्धत जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मांडली. रचनेत एरन स्वार्ट्झ यांचा हातभार होता. ग्रुबर यांचे वर्णन सोपे, पण अनेक ठिकाणी संदिग्ध होते. यादीतली उपयादी किती जागा सोडून लिहायची, यावरही प्रत्येक प्रणालीचे उत्तर निराळे निघू लागले.

२०१४ मध्ये जेफ अ‍ॅटवुड, जॉन मॅकफार्लेन आदींनी काटेकोर नियमावली ‘स्टँडर्ड मार्कडाउन’ नावाने जाहीर केली. ग्रुबर यांनी नावाला हरकत घेतली आणि ती ‘कॉमनमार्क’ झाली. प्रत्येक संकेतस्थळाची गरज वेगळी, म्हणून एकच प्रमाण नको, ही ग्रुबर यांची भूमिका. तरीही गिटहबने २०१७ मध्ये कॉमनमार्कवर आधारलेली स्वतःची नियमावली काढली, हे प्रमाणीकरणाचे मोठेच यश.

मराठीची अडचण मात्र या नियमांतही उरते. ‘सुरत’ हा शब्द ठळक करण्यासाठी अवतरणचिन्हांसह दुहेरी तारकांत ठेवून **‘सुरत’**चा असे लिहिले, तर अवतरणचिन्हानंतरच्या तारकांना लगेच अक्षर चिकटते, कॉमनमार्क त्यांना शेवटच्या तारका मानत नाही आणि शब्द ठळक होत नाही. अवतरणचिन्हे तारकांबाहेर ठेवली की काम होते. शब्दाला प्रत्यय जोडणाऱ्या भाषांचा विचार इथे कमी पडला.

व्हॉट्सअ‍ॅपची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे एकेरी तारकांच्या जोडीने शब्द ठळक होतो. मार्कडाउनमध्ये तीच जोडी तिरपी अक्षरे देते.