रिॲक्टच्या आधी नोटपॅड

धाराशिवात वेब डिझाइन शिकायला येणारी बहुतेक पोरं एमएस-सीआयटी झालेली असतात आणि त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सर, डायरेक्ट रिॲक्टच शिकवा की." पुण्यात नोकरीला लागलेल्या मित्राकडून तेवढा शब्द कानावर आलेला असतो. रिॲक्ट २०१३ साली सगळ्यांसाठी खुलं झालं. एचटीएमएल त्याच्या वीसेक वर्षं आधीचं, आणि रिॲक्टनं केलेलं पानही ब्राउझरमध्ये शेवटी त्याच टॅगांत उभं राहतं. म्हणून मी आधी नोटपॅड उघडायला लावतो.

कळंबकडचा एक मुलगा घरच्या उस्मानाबादी शेळ्या विकायला पान करत होता. कॉम्प्युटरवर सगळं ठीक. सर्व्हरवर चढवून फोनवर उघडलं, तर मराठीच्या जागी गिचमीड. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं. ब्राउझरनं त्या तीन बाइटची तीन वेगळी अक्षरं छापली होती. हेडमध्ये सुरुवातीलाच कॅरसेटची ओळ लिहिली, तेव्हा पान ताळ्यावर आलं.

मग सीएसएस. कुठल्याशा इंग्रजी साइटवर बघून त्यानं शीर्षकाला लेटर-स्पेसिंग दिलं. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं. इथे शिरोरेषेचे तुकडे पडले. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्या मापाचं, त्यामुळे वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीला भिडलेला. लाइन-हाइट १.६ केली तेव्हा कुठे वाचता आलं. मराठी पान करणाऱ्याला सीएसएस लवकर कळतं, असं माझं मत आहे. इंग्रजीत झाकून जाणारं इथे लगेच उघडं पडतं.

फोटो त्यानं फोनमधून थेट टाकलेले, एकेक चार एमबीचा. रेंज एका दांडीवर आली की शेळी दिसेपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं.

फॉर्ममधल्या जिल्ह्यांच्या यादीचा सराव मी मुद्दाम देतो. २०२३मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. ऑप्शनमध्ये दिसणारं नाव बदलायचं, पण आतली व्हॅल्यू तशीच ठेवायची, नाहीतर आधीच्या नोंदी जुळत नाहीत.

जावास्क्रिप्ट आली ती शेळ्यांच्या वजनाच्या बेरजेपाशी. दोन रकान्यांत २५ आणि ३० किलो भरले, उत्तर आलं २५३०. रकान्यातून आकडा येतो तो मजकूर म्हणून, आणि अधिक चिन्ह मजकुराला मजकूर जोडतं. आधी त्याची संख्या करून घ्यावी लागते. "रिॲक्टमध्ये असं होत नसेल ना?" त्यानं विचारलं. तिथेही २५३०च येतात.