अँटिव्हायरसचं अर्धं बळ चिपमध्ये

वाराणसीत ब्रह्माघाट-दुर्गाघाट भागातल्या एखाद्या जुन्या मराठी घरातला डेस्कटॉप आणि पुण्यातला नवा लॅपटॉप, दोन्हींवर अँटिव्हायरस एकच टाकला तरी संरक्षण सारखं मिळेलच असं नाही. काही सोयींचं घोडं प्रोसेसरपाशी अडतं. कॅस्परस्की या अँटिव्हायरसचं ‘सेफ मनी’ बँकेचं पान वेगळ्या, सुरक्षित ब्राउझरमध्ये उघडतं. त्या पानाचा स्क्रीनशॉट चोरता येऊ नये म्हणून ते हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशनचा, म्हणजे एकाच मशीनमध्ये वेगळा बंदिस्त कप्पा करू देणाऱ्या प्रोसेसरमधल्या सोयीचा, आधार घेतं. इंटेलनं ही सोय २००५ मध्ये आणली, एएमडीनं २००६ मध्ये. विंडोजच्या गाभ्यात घातक कोड शिरू न देणारी ‘मेमरी इंटिग्रिटी’ही तिच्यावरच उभी, जुन्या चिपवर मात्र ‘मेमरी इंटिग्रिटी’नं मशीन रखडू शकतं.

२०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या डिफेंडर या अँटिव्हायरसच्या कंपन्यांसाठीच्या आवृत्तीला, प्रोसेसर कसा राबतोय याच्या इंटेलच्या चिपमधल्या मोजणीची जोड दिली. गुपचूप क्रिप्टो-नाणी खोदणारा प्रोग्रॅम कितीही लपला तरी प्रोसेसरला राबवतोच, आणि तिथेच सापडतो. यासाठी सहाव्या पिढीचा तरी कोअर प्रोसेसर लागतो.

पुष्कळदा चिप चांगली असते, सोय तेवढी बंद असते. विंडोजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून उघडणाऱ्या टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’ पाहा. आलेखाखाली ‘व्हर्च्युअलायझेशन : डिसेबल्ड’ दिसलं, तर ती बायोसमधून, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधून, सुरू करता येते. नवं पॅकेज विकत घेण्याआधी एवढं बघाच!