कुंडीतील बाल क्लेमॅटिस आणि तिच्या सहचर वनस्पती : मुळांच्या अंगाने एक विचार

प्रास्ताविक

रॅनन्क्युलेसी हे कुल वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांना नवे नाही. मराठी शास्त्रीय लेखनात त्यास ‘मोरवेल कुल’ असे नाव मिळाले, ते ज्या वेलीवरून, ती मोरवेल क्लेमॅटिस या प्रजातीतीलच आहे. या प्रजातीत सुमारे ३०० जाती असून त्यांपैकी बहुसंख्य समशीतोष्ण प्रदेशांत आढळतात. उद्यानविद्येत तिला जे मानाचे स्थान लाभले ते मात्र प्रामुख्याने इंग्लंडमध्ये. सरे परगण्यातील वोकिंग येथील जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८५८ मध्ये संकर करण्यात आला व १८६२ मध्ये त्यास जांभळी, मोठी फुले आली. क्लेमॅटिस जॅकमनाय या नावाने ती वेल आजही घरोघरी लावली जाते. हिमालयातील क्लेमॅटिस मोंटाना ही जाती त्याआधीच, १८३१ मध्ये, लेडी अ‍ॅम्हर्स्ट यांच्यामार्फत भारतातून इंग्लंडला पोहोचली होती.

अलीकडे अंगणे लहान झाली आणि ही वेल कुंडीत आली. ग्वेर्नसी बेटावरील रेमंड एव्हिसन यांनी कुंडीसाठी मुद्दाम ठेंगण्या वाणांची पैदास केली, त्यामुळे हा प्रकार अधिकच लोकप्रिय झाला. पुस्तकांतील छायाचित्रांत एकाच मोठ्या कुंडीत वर क्लेमॅटिस व तिच्या पायाशी लोबेलिया, व्हायोला, हिचेरा अशी दाटी दिसते. नवखा बागप्रेमी ९ सेंटिमीटरच्या कुंडीतील कोवळे रोप आणतो, त्याच दिवशी हे सारे एकत्र लावतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात वेल गमावून बसतो. असे का घडते, आणि सहचर वनस्पतींचा या बाल वेलीस खरोखर उपयोग कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात मुळांच्या अंगाने केला आहे.

‘डोके उन्हात, पाय सावलीत’

क्लेमॅटिसविषयी हे वचन सर्वत्र सांगितले जाते. त्याचा उगम वेलीच्या नैसर्गिक अधिवासात आहे. वनाच्या कडेला झुडपांच्या बुंध्याशी, कुजलेल्या पालापाचोळ्यात तिची मुळे असतात व शेंडे झुडपावरून उजेडाकडे जातात. परंतु वचनातील ‘सावली’ हा शब्द दिशाभूल करणारा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मुळांना सावलीची स्वतंत्र गरज नसते. त्यांना हवा असतो तो गारवा व टिकून राहणारा ओलावा. जमिनीत लावलेल्या वेलीस हे दोन्ही पालापाचोळ्याच्या जाड आच्छादनानेही मिळतात.

कुंडीचे तसे नाही. जमिनीत उष्णता फक्त वरून शिरते. कुंडीत ती चहूबाजूंनी शिरते. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीवर दुपारचे ऊन पडले की दक्षिणेकडील बाजू तापते, आणि बाल वेलीची मुळे तर नेमकी कडेलाच जाऊन पोहोचलेली असतात. सच्छिद्र भाजक्या मातीची कुंडी बाष्पीभवनाने थोडी गार राहते, पण तीच बाष्पीभवनाने लवकर सुकतेही. येथे एक साधी गोष्ट नजरेतून निसटते. कुंडीच्या आत लावलेली सहचर वनस्पती मातीच्या पृष्ठभागावर सावली धरते, कुंडीच्या भिंतीवर नव्हे. ज्या कामासाठी ती लावली, ते काम ती अर्धेच करते, आणि पाणी मात्र पुरते पिते.

यावर उपाय सोपा आहे. पहिल्या वर्षी सोबतीचे झाड त्याच कुंडीत न लावता वेगळ्या कुंडीत लावावे आणि ती कुंडी वेलीच्या कुंडीपुढे, उन्हाच्या बाजूस ठेवावी. भिंत झाकली जाते, पाण्याची वाटणी होत नाही, आणि फुलांची शोभाही साधते. इंग्लंड उत्तर गोलार्धात असल्याने तेथे ही बाजू दक्षिणेची व दुपारनंतर पश्चिमेची, हे ओघानेच आले.

कुंडीचे आकारमान व पाणी

९ सेंटिमीटरच्या कुंडीत माती जेमतेम अर्धा लिटर मावते. प्रौढ वेलीसाठी निदान ४५ सेंटिमीटर व्यासाची व तितक्याच खोलीची कुंडी घ्यावी असा सल्ला दिला जातो. सरळ उभ्या बाजूंची धरल्यास तिचे घनफळ सुमारे ७१ लिटर भरते. अर्ध्या लिटरच्या मुळांना एकदम सत्तर लिटर मातीत टाकले तर मुळांपासून दूर असलेली माती कोणीच पाणी न शोषल्याने दिवसचे दिवस ओली राहते. हवेअभावी तेथे मुळे कुजू लागतात. म्हणून जाणकार माळी रोप प्रथम दोन-तीन लिटरच्या कुंडीत हलवितात, एक हंगाम तेथे वाढवितात व मुळांनी कुंडी भरली की मगच कायमच्या जागी नेतात. पहिल्या वर्षी सोबत नको म्हणण्याचे हेही एक कारण आहे. दोन-तीन लिटरच्या जागेत दुसऱ्या झाडास ठावच नाही.

कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा थर घालण्याची प्रथा आपल्याकडे आहे, तशीच तिकडेही आहे. निचरा सुधारावा हा तिचा हेतू असला तरी मृदाभौतिकी वेगळेच सांगते. बारीक कणांच्या मातीतील पाणी केशाकर्षणाने धरून ठेवले जाते. खाली मोठ्या पोकळ्या असल्या की वरची माती संपृक्त झाल्याखेरीज ते त्यांत उतरत नाही. त्यामुळे संपृक्त मातीचा पट्टा नाहीसा न होता खापऱ्यांच्या उंचीइतका वर, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ सरकतो. छिद्रातून माती वाहू नये यासाठी एखादी खापरी पुरे.

लागवडीची खोली

मोठ्या फुलांच्या संकरज वाणांना एक कवकजन्य रोग होतो. फोमा क्लेमॅटिडिना या नावाने ओळखले जाणारे (आता कॅलोफोमा या प्रजातीत ठेवलेले) हे कवक खोडावर आघात करते व भरात आलेली वेल एका-दोन दिवसांत माना टाकते. विटिसेला गटातील वाण मात्र याला सहसा बळी पडत नाहीत. मोठ्या फुलांचे रोप कायमच्या कुंडीत लावताना मूळच्या पातळीपेक्षा पाच ते आठ सेंटिमीटर खोल लावावे. एक-दोन पेरे मातीखाली गेली की वरचे खोड मेले तरी त्या पेरांतील कळ्यांतून नवे कोंब फुटतात.

तथापि, कोमेजलेली प्रत्येक बाल वेल रोगग्रस्त नसते. तहान, तापलेली मुळे, गोगलगायींनी कुरतडलेले खोड यांचीही लक्षणे दुरून सारखीच दिसतात. गोगलगायींना तर दाट सहचर वनस्पतींखालचा ओलसर आडोसा फार आवडतो. सोबतीचा हा तोटा छायाचित्रात दिसत नाही.

आणखी एक काम पहिल्या वर्षीच करावयाचे असते व ते करताना हात कचरतो. वसंतात कोवळ्या कोंबाचा शेंडा खुडावा आणि पुढील वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये सारी वेल सुमारे तीस सेंटिमीटर उंचीवर छाटावी. फुले लांबणीवर पडतात, पण बुडाशी फांद्या फुटतात. असे न केल्यास एकच लांब, उघडी दोरी वर जाते व फुले टोकाला येतात. छाटणी करताना हातमोजे घालावेत. या कुलातील इतर अनेक वनस्पतींप्रमाणे हिच्याही रसाने त्वचेचा दाह होतो.

दुसऱ्या वर्षीची सोबत

वेल मोठ्या कुंडीत स्थिरावली की मग सोबत केवळ चालते असे नव्हे, तर उपयोगीही पडते. मुळे अजून न पोहोचलेल्या कडेच्या मातीतील जादा पाणी उथळ मुळांची लहान झाडे शोषून घेतात. निवड फुलाच्या रंगावरून न करता मुळांच्या स्वभावावरून करावी. लोबेलिया, व्हायोला, अ‍ॅलिसम या हंगामी वनस्पतींची मुळे वरच्या थरातच राहतात व हंगाम संपताच त्या उपटून टाकता येतात. लोबेलियाचा कडेवरून लोंबणारा प्रकार तर भिंतीवरही थोडी सावली धरतो. आयव्हीसारखी दांडगी, मुळांचे जाळे विणणारी वनस्पती कुंडीत कधीही लावू नये. कोणतेही झाड वेलीच्या खोडाला खेटून न लावता कडेला लावावे आणि खोडाभोवतीची जागा मोकळी ठेवावी. पालाशाचे प्रमाण अधिक असलेले द्रवरूप खत वाढीच्या काळात द्यावे. भागीदार वाढले की पाणी व खत दोन्ही वाढवावे लागते, याचा विसर पडू नये.

आधाराविषयी एक गोष्ट. क्लेमॅटिसला ताणे नसतात. तिचे पर्णवृंतच आधारास विळखा घालतात. चार्ल्स डार्विन यांनी १८६५ मध्ये आरोही वनस्पतींवरील प्रबंधात या प्रजातीच्या अनेक जातींचे निरीक्षण नोंदविले असून, विळखा घातलेला वृंत पुढे जाड व कठीण होतो हेही त्यांनी दाखविले. इतका आखूड वृंत जाड बांबूला वळसा घालू शकत नाही. बाल वेलीस काटक्या, तार किंवा सुतळी असा बारीकच आधार द्यावा.

मोरवेलीचा विचार

मोठ्या फुलांचे हे विलायती वाण थंड हिवाळ्याला सरावलेले असल्याने महाराष्ट्राच्या सपाटीवर त्यांचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. परंतु सह्याद्रीत क्लेमॅटिस ट्रायलोबा, क्लेमॅटिस गौरियाना, क्लेमॅटिस हेडिसॅरिफोलिया या जाती झुडपांवर, कुंपणांवर स्वाभाविकपणे वाढतात. पावसाळा सरताना घाटमाथ्यावर ट्रायलोबाची पांढरी, चांदणीसारखी फुले अनेकांनी पाहिली असतील. ती ‘पाकळी’ वस्तुतः संदल होय, आणि फळांवरील पिसासारखा तुरा म्हणजे टिकून राहिलेले किंजल. पर्णवृंतारोहण, पाकळ्यांचा अभाव व वाऱ्याने होणारा फलप्रसार या तिन्ही गोष्टी एकाच जिवंत नमुन्यावर दाखविता येतील अशी दुसरी वेल महाविद्यालयाच्या उद्यानास सहज मिळणार नाही.

रानातून अख्खे रोप उपटून आणण्याऐवजी पिकलेली फळे गोळा करून ताजी असतानाच पेरावीत. रुजवण सावकाश होते, तेव्हा कुंडी लवकर रिकामी करू नये. येथे उन्हाची तीव्रता इंग्लंडच्या कितीतरी पट जाचक असल्याने मार्च ते मे या काळात कुंडीची भिंत झाकणे अधिकच अगत्याचे ठरते. गच्चीवरील इतर कुंड्यांच्या घोळक्यात मोरवेलीची कुंडी ठेवली तर भिंत सावलीत राहते आणि शेंडे वर उजेडात जातात.