घरच्या संगणकाचा जीर्णोद्धार

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या परभणीच्या घरीं एक प्रसंग घडला. प्रसंग म्हणण्याइतका तो मोठा नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या घरांत एका मुलीचें तीन वर्षांचें काम एका पेटींत सांठविलेलें आहे, त्या घरांत ती पेटी एकाएकीं मुकी झाली म्हणजे काय होतें, हें ज्यांनीं अनुभविलें आहे त्यांस तो लहान वाटणार नाहीं.

आमची भाची येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठांत शिकते व आमच्याकडेच राहते. कापूस आणि सोयाबीन यांच्या रोगट पानांचीं छायाचित्रें संगणकास दाखवून रोग ओळखावयास त्यास शिकवावें, हा तिचा उद्योग आहे. जिंतूर, मानवत, गंगाखेड या बाजूंच्या शेतांतून स्वतः हिंडून तिनें हजारों छायाचित्रें जमविलीं आहेत. संगणक २०१९ सालीं घेतलेला. त्यांतील ग्राफिक्स कार्ड त्याहूनहि जुनें. शिकवणीचा एक फेरा पुरा व्हावयास रात्र लागे. सबब आम्ही दोघांनीं एका मोठ्या शहरांतील दुकानांतून भरपूर स्मृति असलेलें नवें कार्ड आणलें आणि जुनें तेथेंच अदलाबदलीनें देऊन टाकलें. हें शेवटचें कृत्य किती अविचाराचें होतें, तें घरीं आल्यावर कळलें.

कार्ड बसविलें, कळ दाबली, पंखे फिरूं लागले. पण पडदा काळाच. दहा मिनिटें गेलीं, काळाच. कार्ड काढून पुन्हां बसविलें, वायर बदलली, तरी तेंच. दुकानदारास फोन केला, तेव्हां तो शांतपणें म्हणाला, “काका, बोर्ड जुना झाला. बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदला, म्हणजे कटकट मिटली.” कटकट मिटली असती हें खरें, पण कार्डाइतकाच आणखी खर्च आला असता. आमचा निश्चय डळमळूं लागला होता, तोंच भाची म्हणाली, “मामा, बोर्ड बिघडलेला नाहीं. त्याला हें कार्ड ओळखतां येत नाहीं, इतकेंच. आधीं त्याचें बायॉस तर बदलून पाहूं.”

बायॉस म्हणजे काय, हें येथें सांगणें अवश्य आहे. संगणकाची कळ दाबली म्हणजे विंडोज किंवा दुसरी कोणतीहि प्रणाली लगेच जागी होत नाहीं. मदरबोर्डावर आठ पायांची, नखाएवढी एक चिप असते. तिच्यांत लिहिलेल्या सूचना प्रथम वाचल्या जातात. स्मृति किती आहे, कार्ड कोणतें आहे, प्रणाली कोणत्या तबकडीवर आहे, ही चौकशी करून मगच ती प्रणालीच्या हातीं कारभार देते. या सूचनासंग्रहास बायॉस म्हणतात. हें नांव गॅरी किल्डॉल या अमेरिकन गृहस्थानें आपल्या सीपी/एम या प्रणालीकरितां १९७० नंतरच्या दशकांत रूढ केलें. १९८१ च्या ऑगस्टांत आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारांत आला, तेव्हां त्यांतील बायॉस चिपेंत कायमचें कोरलेलें असे. बदलावयाचें तर चिपच उपटून दुसरी बसवावी लागे. पुढें जपानांतील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनीं फ्लॅश जातीची स्मृति शोधून काढली. छायाचित्रकाराच्या दिव्याच्या लखलखाटासारखी ती एका झटक्यांत पुसली जाते, म्हणून तिला तें नांव पडलें. तेव्हांपासून बायॉस घरबसल्या पुसून नव्यानें लिहितां येऊं लागलें.

सोय आली कीं, तिच्या पाठोपाठ धोका येतोच. तैवानमधील चेन इंग-हाव या विद्यार्थ्यानें १९९८ सालीं एक संगणकी विषाणु तयार केला. २६ एप्रिल १९९९ रोजीं त्यानें जगभरच्या असंख्य संगणकांच्या तबकड्या तर बिघडविल्याच, परंतु पुष्कळांच्या बायॉसमध्येंहि निरर्थक अक्षरें भरून ठेविलीं. तो दिवस चेर्नोबिलच्या अपघाताचा वर्षदिन होता, म्हणून लोक त्यास चेर्नोबिल विषाणु म्हणूं लागले. त्या दिवशीं बंद पडलेले कित्येक बोर्ड चांगले असूनहि केवळ पहिल्या सूचना नाहींशा झाल्यामुळें निकामी ठरले.

आतां नवें कार्ड जुन्या बोर्डास कां ओळखूं येत नाहीं? मनमाडचा अनुभव ज्यांस आहे त्यांस हें चटकन् समजेल. १९९० नंतरच्या दशकांत आमच्याकडील लोहमार्ग रुंद होईपर्यंत परभणीहून मुंबईस जाणारा उतारू मनमाडास उतरे आणि बोचकीं घेऊन दुसऱ्या गाडींत चढे. मुंबईच्या गाडींत किंवा आमच्या गाडींत दोष कांहींच नव्हता. रुळांमधील अंतर तेवढें निराळें. कार्डाचेंहि तसेंच आहे. प्रत्येक ग्राफिक्स कार्डावर त्याच्या स्वतःच्या सूचनांची एक लहान चिप असते. या सूचना पूर्वीं १९८१ च्या चालीवर लिहीत. पुढें इंटेलनें नवी चाल काढली आणि २००५ पासून अनेक कंपन्यांच्या मंडळानें ती यूईएफआय या नांवानें चालविली. मधल्या काळांतील बोर्डांत दोन्ही चालींची तजवीज असे; जुन्या चालीच्या तजविजीस सीएसएम म्हणतात. कित्येक नवीं कार्डें जुनी चाल अजिबात बोलत नाहींत. बोर्ड सीएसएमवर चालत असला, तर प्रणाली जागी होईपर्यंत, आणि केव्हां केव्हां त्यानंतरहि, पडदा काळा राहतो.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. प्रोसेसरास कार्डाची स्मृति पूर्वीं एका झरोक्यांतून दिसे व तो झरोका बहुधा २५६ मेगाबाइटचा असे. कार्डाची स्मृति आठ-बारा गिगाबाइट असली तरी एका वेळीं पाहावयाचें तें तेवढ्याच फटींतून. ती फट काढून संपूर्ण दार उघडण्याची जी युक्ति, तिला रिसायझेबल बार म्हणतात. लोहमार्गाची उपमा येथें पुरत नाहीं. हें कोठाराच्या दाराचें प्रकरण आहे. नियमांत ही युक्ति पुष्कळ वर्षें लिहिलेली होती. घरगुती संगणकांत मात्र ती २०२० च्या अखेरीपासून दिसूं लागली. इंटेलनें २०२२ सालीं आर्क जातीचीं कार्डें आणलीं, तेव्हां या युक्तीवांचून तीं नीट चालणार नाहींत असें स्वतःच सांगून ठेविलें. आमचा बोर्ड बी४५० जातीचा, प्रोसेसर राइझेन ५ ३६००. दोघेहि या कामास समर्थ. पण बोर्डांतील बायॉस होतें २०१९ चें, म्हणजे ही गोष्ट निघण्यापूर्वींचें. ज्या सूचनाच लिहिलेल्या नाहींत त्या त्यानें पाळाव्या कशा? बोर्डाच्या कंपनीनें पुढें नवें बायॉस प्रसिद्ध केलें होतें आणि तें फुकट मिळत होतें.

पण पडदाच दिसत नसेल तर बायॉस बदलावयाचें कसें? कांहीं बोर्डांच्या पाठीमागें यासाठीं स्वतंत्र बटण असतें. तें दाबलें असतां कार्ड नसतांनाहि पेन ड्राइव्हवरून नवें बायॉस लिहिलें जातें. आमच्या बोर्डास तें नव्हतें, आणि ३६०० या प्रोसेसरांत पडद्याची स्वतःची सोय नसते. तेव्हां जुनें कार्ड पाहिजेच. दुसऱ्या दिवशीं आम्ही पुन्हां त्या दुकानीं गेलों. दैवयोगानें कार्ड विकलें गेलें नव्हतें. चार दिवसांच्या बोलीनें आणि थोड्या अनामत रकमेवर दुकानदारानें तें परत दिलें; कटकट नको म्हणून दिलें असावें.

एक दुसरी शंका भाचीनें काढली, ती आमच्या ध्यानांतहि आली नसती. बायॉसची चिप पुष्कळ बोर्डांत फक्त १६ मेगाबाइटची असते. म्हणजे मोबाइलच्या चार-पांच छायाचित्रांइतकी जागा. २०१९ सालीं नव्या प्रोसेसरांच्या सूचनांस जागा करण्यासाठीं कांहीं कंपन्यांनीं आपल्या जुन्या बोर्डांच्या बायॉसमधून आधींच्या प्रोसेसरांची नांवें गाळलीं होतीं. म्हणून नव्या आवृत्तीच्या यादींत आपला प्रोसेसर आहे कीं नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे. आमचा होता.

मग खरी चिंता विजेची. बायॉस बदलतांना चिप आधीं पुसली जाते आणि मग लिहिली जाते. या दोन-चार मिनिटांत वीज गेली, तर जुनें गेलें आणि नवें आलें नाहीं अशी गत होते. मग पडद्यावर चूक दाखविण्याचीहि अक्कल बोर्डास उरत नाहीं. परभणीस मे महिन्याच्या दुपारीं वळवाचे ढग आले कीं, वारा सुटण्यापूर्वींच दिवे जातात. घरीं इन्व्हर्टर आहे, म्हणून आम्ही निर्धास्त होतों. परंतु दिव्यापंख्यांच्या इन्व्हर्टरास वीज बदलून द्यावयास जो क्षण लागतो, तेवढ्यांत संगणक बंद होऊन पुन्हां सुरू होऊं शकतो. कांहीं इन्व्हर्टरांस यूपीएसच्या तालावर चालविण्याचें बटण असतें. आमच्या जुन्या इन्व्हर्टरास नव्हतें. संगणकाचा स्वतंत्र यूपीएस मात्र होता. भाचीनें कांहीं न बोलतां संगणक चालू असतां त्या यूपीएसचा प्लग भिंतींतून काढला. चाळीस सेकंदांत तो ओरडूं लागला आणि मिनिटाच्या आंत सर्व बंद! ज्या आधारावर आम्ही इतकीं वर्षें विसंबून होतों तो केव्हांच मेला होता. बाजारांतून बारा व्होल्टची नवी बॅटरी आणली. मग तोच प्रयोग करतां पंधरा मिनिटें संगणक चालला. हा प्रयोग वाचकांनीं, बायॉस बदलावयाचें नसलें तरी, आजच करून पाहावा. मात्र त्यापूर्वीं चालू असलेलें काम जतन करून घ्यावें.

भाचीनें सगळीं छायाचित्रें व लेख बाहेरच्या तबकडीवर उतरून घेतले. ती तबकडी आमच्या कपाटांत कुलपांत गेली. तबकडीवर बिटलॉकरचें कुलूप असल्यास त्याची किल्ली, म्हणजे अठ्ठेचाळीस आंकड्यांची ती रांग, कागदावर लिहून ठेवावी लागते. बायॉस बदलल्यावर संगणक ती मागूं शकतो आणि ती नसली तर स्वतःच्या घराबाहेर उभें राहण्याची पाळी येते. आमच्याकडे कुलूप नव्हतें. फाइल निवडतांना बोर्डाचें नांव नुसतें पावतीवर न पाहतां बोर्डावरच छापलेलें वाचलें. एकाच नांवाच्या बोर्डाच्या पहिल्या व दुसऱ्या घडणीचें बायॉस निराळें असूं शकतें. फाइल कंपनीच्याच ठिकाणाहून घेतली. कांहीं बोर्डांस एकदम शेवटच्या आवृत्तीवर उडी मारतां येत नाहीं, मधली पायरी घ्यावी लागते. आमच्या बोर्डास तशी एक पायरी होती. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनें कोरा करून दोन्ही फाइली त्यावर ठेविल्या.

दुसऱ्या दिवशीं पहाटे साडेपांचास आम्ही बसलों. उन्हाचा ताप नाहीं, विजेवर भार नाहीं, अशी ती वेळ. भाचीच्या मामींनीं मिक्सर लावावयाचा नाहीं, अशी ताकीद सर्वांस दिली. त्या ताकिदीचा शास्त्रार्थ कितपत होता कोण जाणे, पण ती पाळली गेली. जुनें कार्ड बसविलेलेंच होतें. मधली पायरी निर्विघ्न पार पडली. शेवटच्या आवृत्तीच्या वेळीं शंभरापर्यंत रेघ भरली, संगणक आपोआप बंद झाला, पुन्हां सुरू झाला, आणि पडदा काळा. पुन्हां बंद, पुन्हां सुरू, पुन्हां काळा. आमचा हात बटणाकडे गेला. “मामा, हात मागें घ्या,” भाची म्हणाली. नव्या बायॉसच्या पहिल्या जागृतींत बोर्ड आपली स्मृति नव्यानें तपासतो व त्यास वेळ लागतो, हें तिनें वाचून ठेविलें होतें. तीन मिनिटें गेलीं असतील. आम्हांस घटका गेल्यासारखी वाटली. मग कंपनीचें चिन्ह पडद्यावर आलें.

काम तेथें संपलें नव्हतें. बायॉस बदललें म्हणजे पूर्वींच्या निवडी पुसल्या जातात. त्या पुन्हां कराव्या लागल्या. शिवाय आमची तबकडी जुन्या एमबीआर पद्धतीनें मांडलेली निघाली. सीएसएम बंद केलें असतें तर त्या तबकडीवरून विंडोज सुरूच झालें नसतें आणि आम्हीं दोष दिला असता तो बायॉसला. विंडोजमध्यें २०१७ पासून एमबीआर२जीपीटी नांवाचें साधन आहे. त्यानें तबकडीची मांडणी, आंतील मजकूर न पुसतां, नवी करतां येते. तें आधीं केलें, मग सीएसएम बंद केलें, ‘अबव्ह फोर जी डिकोडिंग’ आणि ‘रिसाइझ बार’ हे दोन्ही चालू केले. संगणक बंद करून, प्लग काढून, जुनें कार्ड उतरविलें आणि नवें चढविलें. साडेआठास पडदा उजळला.

हें वाचून कोणी उत्साहानें आपल्या धडधाकट संगणकाचें बायॉस बदलावयास बसूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. नवें कार्ड, नवा प्रोसेसर किंवा सुरक्षिततेची एखादी गंभीर उणीव, असें कांहीं कारण असेल तरच त्या वाटेस जावें. आणि दुर्दैवानें मध्येंच वीज गेलीच तर बोर्ड टाकून देण्याची घाई करूं नये. चिपेच्या आठ पायांस चिमट्यानें पकडून बाहेरून बायॉस लिहिणारें एक लहानसें साधन थोडक्या पैशांत मिळतें. दुरुस्तीचें काम जाणणारे कारागीर तें वापरतात. कांहीं बोर्डांत तर दुसरी राखीव चिपच बसविलेली असते.

भाचीचा जो फेरा रात्रभर चाले तो आतां जेवणें आटोपेपर्यंत पुरा होतो. बोलीप्रमाणें चौथ्या दिवशीं आम्ही जुनें कार्ड दुकानदारास परत नेऊन दिलें आणि अनामत घेतली. त्यानें सगळी हकीकत ऐकून घेतली व थोडा वेळ गप्प राहिला. मग गल्ल्यांतून एक कोरी पावती काढून आमच्यापुढें सरकविली आणि म्हणाला, “काका, काय काय केलें तें क्रमानें लिहून द्या. सेलूचे एक मास्तर असाच बोर्ड बदलायला उद्यां येणार आहेत.”