नफा कागदावर, तूट खात्यात: छोट्या धंद्याचा आर्थिक अंदाज

आज कागद-पेन घेऊन बसा, थोडी आकडेमोड आहे. घाबरू नका, बेरीज-वजाबाकी येते ना, मग झालं!

दिवाळी जवळ आली की आपल्यापैकी कितीतरी जणींना म्हटलं जातं, "तुमची नानकटाई इतकी छान होते, विकत का नाही?" न्यू जर्सीत हे बरीच वर्षं शक्यच नव्हतं. घरी भाजलेले पदार्थ विकायला परवानगी देणारं ते देशातलं शेवटचं राज्य. २०२१च्या ऑक्टोबरपासून तिथे परवाना मिळतो. पण वर्षाची विक्री ५०,००० डॉलरच्या आत हवी आणि माल थेट गिऱ्हाइकालाच विकायचा. दुकानात ठेवायचा असेल तर परवानाधारक स्वयंपाकघर भाड्याने घ्यावं लागतं. तुमच्या राज्यात नियम वेगळे असतील, ते आधी पाहा. आणि एच-फोर व्हिसावर असाल तर कामाचा परवाना हाती येईपर्यंत एक डबाही विकू नका.

समजा, आपण दुकानांना माल द्यायचं ठरवलं. बारा नानकटायांचा एक डबा. तूप, मैदा, साखर, डबा, लेबल धरून खर्च ४ डॉलर. दुकानदार देणार ७ डॉलर. म्हणजे डब्यामागे सुटले ३. स्वयंपाकघराचं भाडं, विमा, फोन मिळून महिन्याला १,२००. हा खर्च एकही डबा विकला नाही तरी होणारच. आता १,२००ला ३ने भागा. उत्तर ४००. महिन्याला ४०० डबे गेले की खर्च निघाला. ४०१व्या डब्यापासून कमाई.

हा झाला पहिला हिशेब. बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि फसतात.

कसे, ते पाहा. दिवाळीसाठी १,००० डब्यांची ऑर्डर आली. डब्यामागे ३ म्हणजे ३,००० सुटणार. सप्टेंबर आणि ऑक्टोबरचं भाडं वगैरे २,४०० गेलं, नफा ६०० डॉलर. छान! आता हाच व्यवहार महिन्यांच्या चौकटीत मांडू. खात्यात घरची बचत ५,०००. सप्टेंबरमध्ये सामान आणलं, ४,००० गेले. भाडं-विम्याचे १,२०० गेले. महिनाअखेर खातं २०० डॉलरनी उणे. ऑक्टोबरच्या मध्यावर माल पोचवला, पण दुकानदार पैसे देणार तीस दिवसांनी. तोवर ऑक्टोबरचे १,२००सुद्धा द्यावे लागले. आता खातं १,४००नी उणे. दुकानदाराचे ७,००० येणार नोव्हेंबरच्या मध्यावर.

म्हणजे कागदावर नफा, आणि घरात क्रेडिट कार्डावर उधारी. माल चांगला होता, गिऱ्हाईक होतं, तरी गाडी अडली. म्हणून आर्थिक अंदाज मांडायचा तो महिन्यांच्या चौकटीत. विक्री कधी झाली याला महत्त्व नाही. पैसा खात्यात कधी आला आणि खात्यातून कधी गेला, ते लिहायचं.

ही चौकट आधी मांडली असती, तर ऑगस्टमध्येच कळलं असतं की १,४०० कमी पडणार. मग निम्मे पैसे आगाऊ मागता येतात. किंवा ६०० डब्यांचीच ऑर्डर घ्यायची: सामानाचे २,४००, दोन महिन्यांचा खर्च २,४००, मिळून ४,८००. बचतीत बसलं. पण मग सुटतील १,८०० आणि खर्च २,४००, म्हणजे ६०० डॉलरचा तोटा. तो सोसायचा की आगाऊ रक्कम मागायची, हे आपण ठरवायचं. पण तूप आणण्याआधी!

आणखी तीन गोष्टी. एक, ऑक्टोबरच्या विक्रीला बाराने गुणू नका. फेब्रुवारीत दिवाळी नसते. दोन, कर. स्वतःच्या धंद्याच्या निव्वळ कमाईवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा १५.३ टक्के कर असतो, प्राप्तिकर त्याहून वेगळा. तो साधारणपणे वर्षातून चार वेळा भरायचा: एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या १५ तारखेच्या सुमारास. या रकाना आजच आखा. तीन, आपली मजुरी. ओट्यापाशी उभं राहिलेले तास फुकटचे नसतात.

अंदाज एकदा मांडला की विक्री निम्मी धरून पुन्हा मांडा. त्यातही घरचा हप्ता सुटत असेल तर पुढे जा.

कर्ज हवं असेल तर हे लागणारच. सरकारची स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एसबीए, सांगते की आराखड्यात पाच वर्षांचा अंदाज असावा आणि पहिल्या वर्षाचा तिमाही किंवा महिनावार. हे एकट्याने जमत नसेल तर १९६४पासून चालणारी स्कोअर ही संस्था आहे. तिथे अनुभवी उद्योजक विनामूल्य सल्ला देतात. आपली चौकट घेऊन त्यांच्याकडे जा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. धंद्यात ते अंथरूण दर महिन्याला लहान-मोठं होतं, एवढंच. आज रात्री बारा रकाने आखा.